विहीर आटली तेव्हा इंजिनही गेलं



मोट सुटली आणि लाईटची मोटर आली, या दोन्हींच्या मधला काळ आपल्या नगर जिल्ह्यात ऑइल इंजिनाचा. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली आणि पुढं ५ हॉर्सपॉवरची इंजिनं विहिरीविहिरीवर बसली. आमच्या आजोबांच्या विहिरीवरही एक होतं.

त्याआधीची चाल संथ इंजिनाची. विलायती लिस्टर घ्या: मोठी जड चाकं आणि मिनिटाला ६००-६५० फेरे. असं इंजिन कानानं मोजता येतं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ठोका देतं. म्हणजे ६५० फेऱ्यांना मिनिटाला ३२५ ठोके. ठोक्यागणिक कागदावर पेन्सिलीनं टिंब मारत १५ सेकंद बसलं, की ८१ च्या आसपास टिंबं यायला पाहिजेत.

नंतरची इंजिनं आली १५०० फेऱ्यांची. तिथं सेकंदाला साडेबारा ठोके पडतात, कान हरतो. मग पट्ट्याचा जोड मोजायचा. समजा इंजिनाची पुली १५ सें.मी. व्यासाची आणि पट्टा ६ मीटर लांब. १५०० फेऱ्यांना तो जोड मिनिटाला साधारण ११८ वेळा समोरून जातो. १०५ च भरला, तर एकतर फेरे कमी आहेत, नाहीतर पट्टा घसरतोय.

फेरे सांभाळायला इंजिनात गव्हर्नर असतो. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला, तत्त्व तेच. पण पाणी वाढावं म्हणून स्प्रिंग आवळायची खोड आपल्याकडं जुनी. हिशेब बघा. सेंट्रिफ्युगल पंपाचे फेरे १० टक्के वाढवले की पाणी साधारण १० टक्केच वाढतं, पण ताकद ३३ टक्के जास्त लागते. ती डिझेलमधून जाते आणि इंजिन तापवते. उलट फेरे १० टक्के पडले, तर पाणी चढवायची उंची ८१ टक्क्यांवर येते. विहीर खोल असेल तर पाणी वर येतच नाही.

आता उष्णतेचं. आजोबांचं इंजिन पाण्यानं थंड व्हायचं, आणि ते पाणी पंपाच्याच डिलिव्हरीतून बारीक नळीनं घेतलेलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धारेखाली आजोबा तळहात धरायचे. हात सुखानं राहिला तर पाणी फार गार, म्हणून कॉक थोडा बंद. चटका बसून हात लगेच मागं आला, पण धारेला वाफ नाही, तर बरोबर. हे ६०-७० अंशांचं माप झालं. पुष्कळ जण कॉक पूर्ण उघडा ठेवायचे, 'गार तेवढं बरं' म्हणून. तसं नसतं. फार गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल पातळ होतं, डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल धरून लायनर झिजतो.

पण या जोडणीत एक मेख होती. पंपानं पाणी सोडलं की इंजिनाचंही पाणी बंद.

१९७२ चा दुष्काळ. ७३ च्या उन्हाळ्यात विहिरीत तासाभराचं पाणी साचायचं, त्यावर जनावरांचा घास जगवायचा. आजोबा त्या दिवशी वाफ्यावर दारं धरायला गेले होते. फुटव्हॉल उघडा पडला, पंपानं हवा घेतली. लोड गेला, आवाज बदलला. आजोबा पळत आले तोवर इंजिन लाल तापलं होतं. घाबरून कुणीतरी बादलीभर गार पाणी वर ओतलं. हेड तडकलं, पिस्टन जाम झाला. इंजिन कर्जाचं होतं. घास वाळला आणि त्या महिन्यात दोन बैल बाजारात गेले. हप्ते मात्र पुढं चालूच राहिले.

आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "इंजिनानं सांगितलं होतं रे, ऐकायला मीच नव्हतो."

आज आपल्याकडं पॉवर टिलर, एचटीपी, ब्रश कटर आहेत. बहुतेकांवर ना तापमानाचा काटा, ना फेऱ्यांचा. आता चकचकीत पट्टी चिकटवून फेरे मोजणारा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, लांबून उष्णता बघणारं लेझरवालं थर्मामीटरही मिळतं. कोरोनातलं कपाळावरचं यंत्र इथं चालत नाही, ते अंगाच्या तापापुरतंच. चकचकीत ॲल्युमिनियमवर रीडिंग कमी येतं. उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि दरवेळी तिथंच मोजा.

मशीन नवं असताना पूर्ण लोडवर अर्ध्या तासानं दोन्ही आकडे घ्या आणि टाकीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा. पुढं त्याच कामाला, तशाच हवेत आकडा १५-२० अंशांनी चढला, तर आधी पंख्याच्या जाळीतला पाचोळा, ऑइल आणि एअर फिल्टर बघा. पाण्याच्या इंजिनात जॅकेटमधला क्षार बघा, आपल्या विहिरींचं पाणी जड आहे.

आणि तापलंच, तर गार पाणी ओतू नका. पाणी चालू असेल तर लोड काढून हळू चालू द्या. पाणीच तुटलं असेल तर बंद करा आणि आपोआप निवू द्या.