उरुशीपात्रांच्या दुरुस्तीची द्रव्ये

जपानी रोगणकामास मराठीत कधी ‘लाखकाम’ म्हटले जाते. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांवरील लाख कीटकजन्य असून उष्णतेने वितळते. जपानी ‘उरुशी’ हा वृक्षाचा चीक होय. तो पाण्याच्या बाष्पीभवनाने केवळ वाळत नाही. दमट हवेत, त्यातीलच विकराच्या साहाय्याने, प्राणवायू घेऊन कठीण बनतो. या विकराचा शोध योशिदा हिकोरोकुरो या रसायनज्ञाने १८८३ साली लावला. एकदा कठीण झालेली उरुशी सामान्य द्रावकांत विरघळत नाही, आणि दुरुस्तीविषयीच्या आधुनिक वादाचे मूळ या गुणातच आहे.

कारागिराने दुरुस्तीसाठी वेगळी द्रव्ये शोधली नाहीत. पात्र ज्यांतून घडले त्यांतूनच ती घेतली. तुटलेले भाग सांधण्यासाठी पाण्यात मळलेल्या गव्हाच्या पिठात कच्ची उरुशी कालवितात, ही ‘मुगी-उरुशी’. खोल खाच भरावयाची असल्यास तीत लाकडाची पूड व तंतू मिसळून ‘कोकुसो’ सिद्ध करतात. त्यावर ‘तोनोको’ नामक बारीक मातीची, पाणी व उरुशी यांत घोटलेली ‘साबी’ लेपून पृष्ठ सपाट केले जाते. प्रत्येक थर दमट पेटीत मुरू द्यावा लागतो. घाईस येथे वाव नाही. सुटलेल्या पापुद्र्यांसाठी ‘निकावा’ हा प्राणिज सरस असतो. तो पाण्याने सैल होतो, म्हणून पाश्चात्त्य संग्रहालयांस तो अधिक रुचतो.

प्रकाशाने तडकलेल्या पृष्ठभागाचा प्रश्न अधिक बिकट आहे. जपानी पद्धतीत विरल उरुशी सूक्ष्म भेगांत जिरवून वरची पुसून घेतात. यास ‘उरुशी-गातामे’ म्हणतात. पृष्ठ बळकट होते, पण जिरविलेले परत काढता येत नाही. उलट, केलेली दुरुस्ती पुढे दूर करता यावी, हे पाश्चात्त्य संवर्धनशास्त्राचे तत्त्व. सुमारे १६४० च्या ‘माझारिन पेटी’वर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००४ पासून केलेल्या कार्यात या दोन परंपरांचा मेळ घालण्याचा यत्न झाला. पात्र वापरण्यासाठी आहे की पुराव्यासाठी, हे ठरल्याखेरीज कोणती बाजू रास्त, हे सांगता येत नाही.

द्रव्याची टंचाई हा दुसरा पेच. प्रचलित पद्धतीत सुमारे दहा ते पंधरा वर्षे वाढविलेल्या वृक्षापासून एकाच हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक मिळतो. मग वृक्ष तोडतात. जपानात वापरली जाणारी बहुतेक उरुशी चीनमधून येते. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीत शक्यतो देशी उरुशीच वापरावी, असे तेथील सांस्कृतिक व्यवहार संस्थेने २०१५ साली कळविल्यापासून इवाते प्रांतातील जोबोजी या मुख्य उत्पादक भागात नव्या लागवडीस निकड आली आहे.