कडा कुणी ओढायची?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला प्रोस्टेटशी काय देणंघेणं, असं काहींना वाटेल. एक तर वय! माझ्या वयाच्या पुरुषांना ही ग्रंथी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय ‘वस्तू नेमकी कुठे संपते’ हा आमचा जुनाच प्रश्न, आणि इथे त्याच्या उत्तरावर सुईची वाट ठरते.

ही ग्रंथी मूत्राशयाखाली, गुदाशयाच्या पुढे असते. म्हणून गुदमार्गातून सोनोग्राफी करतात. जपानच्या हिरोकी वातानाबे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या तपासणीचा पाया घातला. चित्रावर कडा आखली की ग्रंथीचं आकारमान कळतं, बायोप्सीची जागा ठरते, कर्करोगावरचे किरणोत्सारी दाणे कुठे बसवायचे तेही ठरतं. पण चित्र ठिपक्याठिपक्यांचं, त्यात कॅल्शियमच्या खड्यामागे काळी सावली. दोन्ही टोकांना तर कडा पुसटच. दोन तज्ज्ञांच्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत.

मग हे काम संगणकाकडे आलं. पहिली समजूत सोपी होती: उजेड-अंधार एकदम बदलतो तिथे कडा. पण या चित्रात असे बदल पावलोपावली! १९८८ साली कास, विटकिन आणि टर्झोपोलस यांनी ‘स्नेक’ मांडला. ही जणू लवचीक दोरी. चित्रातली कडा तिला ओढते, पण तिचा ताठपणा तिला वेडंवाकडं वळू देत नाही. मात्र दोरी सुरुवातीला ठेवायची कुठे? २००० साली कॅनडातल्या लंडन शहरात लडाक, फेन्स्टर आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीची एक पद्धत काढली. माणसाने फक्त चार बिंदू द्यायचे, पुढचं संगणक बघेल. २००३ साली शेन, झान आणि दावात्झिकोस यांनी अनेक ग्रंथींच्या आकारांचा सरासरी साचा वापरला. कडा दिसेना, तर साच्यावरून अंदाज. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून ‘यू-नेट’ आलं. आता नियम सांगायचे नाहीत. चित्रं आणि माणसांनी ओढलेल्या रेषा दाखवायच्या, यंत्र शिकतं.

खरी गोम इथेच आहे, बरं का. यंत्राची रेषा बरोबर की चूक, हे बहुधा ‘डाइस’ गुणांकाने मोजतात. तो १९४५ साली एका परिसंस्था-अभ्यासकाने मांडला, प्राण्यावनस्पतींच्या जाती एकत्र किती आढळतात हे मोजायला. दोन आकृत्या पूर्ण जुळल्या की १, मुळीच नाही तर ०. पण जुळवायचं कशाशी? तज्ज्ञाच्या रेषेशी! तिलाच सत्य म्हणायचं, आणि दोन तज्ज्ञांची सत्यं वेगळी.

दुसरं असं, की गुणांक अख्ख्या ग्रंथीचा असतो. मधला भाग छान जुळला की आकडा फुगतो. खालच्या टोकाची चूक त्यात दडते, आणि लघवी रोखणारा स्नायू तर तिथेच!

तेव्हा कुणी यंत्राच्या अचूकतेचा आकडा सांगितला, तर दोन प्रश्न जरूर विचारा. कुणाच्या रेषेशी ताडून पाहिलं? आणि चूक झाली ती कुठे? कडा ठरवण्याची जबाबदारी अजून माणसाचीच आहे. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.