बिऱ्हाड मोडले, गेस्ट हाऊस झाले

१८९२ साली मुंबईहून पुण्याला येणाऱ्या गाडीत लोकमान्य टिळकांना एक तरुण संन्यासी भेटला. टिळकांनी त्याला थेट विंचूरकर वाड्यातल्या आपल्या बिऱ्हाडी आणले आणि आठ-दहा दिवस ठेवून घेतले. नाव विचारले तर पाहुणा आपण संन्यासी आहोत एवढेच सांगे. शिकागोच्या धर्मपरिषदेनंतर विवेकानंदांचे नाव गाजले, तेव्हा कुठे आपल्याकडे कोण राहून गेले याचा टिळकांना उलगडा झाला. या हकिकतीत मला मौज वाटते ती एका साध्या गोष्टीची. अनोळखी माणूस पुण्यात उतरला म्हणजे तो कोणाच्या तरी घरीच जाणार, याखेरीज दुसरा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

हॉटेले नव्हती असे मुळीच नाही. १८५८ मध्ये पुण्यात रेल्वे आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ रुळांनी सर झाला. पावसाळ्यात मुंबईचे सरकार आपला बाडबिस्तरा घेऊन पुण्याला येई, घोड्यांच्या शर्यती त्याच दिवसांत भरत. त्या गर्दीसाठी पुण्याच्या लष्कर भागात नेपिअर हॉटेलासारखी हॉटेले उभी राहिली. पण ती साहेबाची. शनिवार-सदाशिवातल्या माणसाचा तिथे पाय लागत नसे, आणि खिसा हे त्याचे एकच कारण नव्हते. पलंग कोणाचाही चालला असता. चुलीशी कोण बसले आहे, हा प्रश्न होता. म्हणून पेठांमध्ये परगावच्या माणसाची सोय आधी ताटाची झाली आणि खाटेची मागून. देवळाची ओवरी, धर्मशाळा, मठ, दूरच्या मावशीचे घर, आणि जेवायला खानावळ. शिकायला आलेल्या मुलांनी या खानावळी जगवल्या.

तेव्हा शहरातल्या जुन्या लॉजिंगची वंशावळ लावताना नेपिअर हॉटेलाकडे बोट दाखवणे चुकीचे ठरेल. माझ्या मते हे कूळ सापडते नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवारातल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ लागले आणि संगीत नाटकाचा धंदा उभा राहिला. धंदा म्हणजे फिरता धंदा. कंपनी गावात आली की तिच्याबरोबर पेटी-तबला येई, पडदे येत, आणि तितक्याच अगत्याने आचारी व भांडीकुंडी येत. एखादा वाडा भाड्याने घ्यायचा, तिथे बिऱ्हाड थाटायचे, राजाचे काम करणारा नट आणि पडदे ओढणारा गडी एकाच छपराखाली महिना-दोन महिने काढायचे. तालमी तिथेच, रुसवेफुगवे तिथेच, पंगत तिथेच. गंधर्व नाटक मंडळीच्या पंगतींचा थाट तर दंतकथेसारखा सांगितला जातो. बालगंधर्वांच्या कर्जात त्या थाटाचाही वाटा होता. हिशेबनीस कपाळाला हात लावत असेल, पण गावोगाव फिरणाऱ्या माणसाला घरचे अन्न आणि आपली माणसे मिळाली पाहिजेत, ही त्या बिऱ्हाडाची रीत होती.

ती रीत मोडली बोलपटाने. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पाहता पाहता नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. कंपन्या बसल्या. जे नाटक टिकले ते हळूहळू ठेक्यावर, दर प्रयोगाच्या ‘नाइट’वर चालू लागले. नट एकटा झाला. हातात ट्रंक, संध्याकाळी प्रयोग, सकाळी परतीची गाडी. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि कामाच्या शोधातल्या कलावंतांची पावले इकडे वळू लागली. या सगळ्यांनी उतरायचे कुठे?

१९३५ साली लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस सुरू झाले. सुरू करणारे नानासाहेब सरपोतदार हे चित्रपटवाले होते, हा काही योगायोग नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी पटकथा लिहिल्या. पुढे स्वतः दिग्दर्शन केले; ‘चंद्रराव मोरे’, ‘प्रभावती’ आणि ‘महाराची पोर’ हे त्यांचे मूकपट १९२५ चे. शिवकाळ आणि पुराणे यांचा सुकाळ असताना ‘महाराची पोर’ असे नाव चित्रपटाला द्यायला छाती लागते. त्यांच्या आर्यन फिल्म कंपनीत अंबू नावाची एक लहान मुलगी महिना अठरा रुपयांवर लागली. तिला पुढे ललिता पवार म्हणून सारा देश ओळखू लागला. मूकपट संपले तसा नानासाहेबांसारख्या कित्येकांच्या पायाखालचा धंदा सरकला. कोणी बोलपटांत शिरले, कोणी घरी बसले. नानासाहेबांनी माणसे उतरवून घ्यायला आणि जेवू घालायला सुरुवात केली. कलावंत किती वाजता जेवतो, त्याचे पैसे कधी येतात आणि कधी येत नाहीत, हे ज्याला सांगावे लागत नाही असा मालक मिळाल्यावर मंडळी दुसरीकडे कशाला जातील?

१९४० मध्ये नानासाहेब गेले. पण तोवर घराला वळण लागले होते. पुढच्या पिढीतले चारुदत्त सरपोतदार, नाट्य-चित्रपटसृष्टीचे चारूकाका, यांनी ते कित्येक दशके चालवले. नट, लेखक, संगीतकार, तंत्रज्ञ, निर्मात्याची वाट पाहणारे आणि निर्मात्याला चुकवणारे, सगळे इथे उतरले. गेस्ट हाऊसच्या नावाने स्नेहमंच निघाला आणि कलावंतांचे सत्कारही होऊ लागले. थालीपीठ, दडपे पोहे, उकडीचे मोदक असे घरात होणारे पदार्थ इथे पाटीवर लागले. आज बरेच पुणेकर पूना गेस्ट हाऊस ओळखतात ते खाण्यासाठी; वर राहायच्या खोल्याही आहेत, हे त्यांना सांगावे लागते. वंशावळीचा विचार केला तर हे बरोबरच आहे. बिऱ्हाडातही आधी आचारी येई.

मालकाची अशी छाप असलेल्या लहान हॉटेलाला जगात ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात, पण ती चीज फार अलीकडची. लंडनचे ब्लेक्स १९७८ चे, न्यूयॉर्कचे मॉर्गन्स १९८४ चे. मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीचा वेगळा तोंडवळा, मालकाच्या आवडीनिवडीची छाप. मग लहान गावांतल्या जुन्या इमारतींना हा साचा फार मानवला. कॅनडात ओंटारिओ प्रांतात किंग्स्टन नावाचे लहानसे शहर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बँक ऑफ मॉन्ट्रियलसाठी बांधलेली दगडी इमारत पुढे फ्रंटनॅक क्लब झाली आणि आता ते हॉटेल आहे. म्हणजे वास्तू जुनी, व्यवसाय नवा. आपल्याकडे सासवडजवळचा जाधवगड हा त्याच जातीचा: पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी, आज तिथे पाहुणे पोहतात. वाईट काहीच नाही. गढी पडण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

पण पेठांतल्या वाड्यांचे असे का झाले नाही? राजस्थानात हवेल्यांची हॉटेले झाली, पुण्यात वाड्यांची अपार्टमेंटे. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, हे एक कारण; नदीकाठचे कितीतरी वाडे त्या दिवशी बसले. त्याहून मोठे कारण कागदावरचे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. वाड्यात आठ-दहा भाडेकरू, भाडे इतके किरकोळ की मालकाला कौले बदलणे परवडू नये, आणि मालकही चार भावांत वाटलेला. अशा वाड्यात पाहुण्याला खोली द्यायची तर आधी कोर्टाची पायरी चढावी लागली असती. बिल्डरने सगळ्यांना फ्लॅट देऊ केले आणि वाद मिटला. महापालिकेच्या वारसा यादीत इमारतींना श्रेणी मिळते. नव्वद वर्षे एकाच कुटुंबाने चालवलेल्या मुदपाकखान्याला लावायची श्रेणी तिच्यात नाही.

सरपोतदारांचे घर मात्र दोन्ही धंद्यांत राहिले. गेस्ट हाऊस पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवले, आणि चित्रपटही घरातून गेला नाही. नानासाहेबांचे पणतू आदित्य सरपोतदार यांनी ‘फास्टर फेणे’ केला आणि २०२४ मध्ये कोकणातल्या भुतावरचा हिंदी ‘मुंज्या’ देशभर चालवून दाखवला.