पाणी गाळून पिणाऱ्यांचे नीतिशास्त्र

उपसंपदा, म्हणजे भिक्षुत्वाची पूर्ण दीक्षा, मिळाल्याबरोबर नव्या भिक्षूला चार अकरणीय गोष्टी बजावून सांगतात. त्यांतली तिसरी जीवहत्येची. जाणूनबुजून कुणाचाही जीव घ्यायचा नाही आणि ही बंदी थेट मुंगीपर्यंत पोहोचते, असे विनयपिटकातला महावग्ग सांगतो. लगेच पुढे फरकही येतो. माणसाला मारणारा भिक्षू भिक्षूच उरत नाही. प्राण्याचा जीव घेणाऱ्याला मात्र तो दोष दुसऱ्या भिक्षूपुढे कबूल करावा लागतो आणि संघातली त्याची जागा कायम राहते. मुंगीचा जीव मोजला जातो, पण माणसाच्या जिवाइतका मोजला जात नाही. या दोन विधानांच्या मधल्या जागेत बौद्ध नीतिविचाराची एक मोठी आणि जिवंत शाखा वाढली आहे. तिच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाचे मनापासून स्वागत.

पहिली सूचना अशी की, तत्त्वचर्चेकडे वळण्याआधी विनयातल्या गोष्टी वाचाव्यात. प्रत्येक नियमामागे तो कशामुळे घालावा लागला याची कथा आहे आणि विचार त्या कथांतच मुरलेला आहे. प्राणिहत्येचा नियम आला तो उदायी या भिक्षूमुळे. गृहस्थाश्रमात हा पट्टीचा तिरंदाज होता. कावळे आवडत नाहीत म्हणून त्याने ते बाणांनी टिपले. वर्षावासाचा नियम आला तो लोकांच्या तक्रारीमुळे. पावसाळ्यात पक्षीसुद्धा घरटी बांधून एका जागी राहतात आणि हे शाक्यपुत्रीय श्रमण मात्र हिरवे गवत तुडवत, बारीकसारीक जीव चिरडत हिंडतात, असे लोक उघड बोलू लागले. माझ्या मते ही तक्रार फार महत्त्वाची आहे. किड्यामुंग्यांविषयीची ही जाणीव त्या समाजात आधीपासून होती, जैन आणि इतर श्रमणांनी ती धारदार केली होती, आणि संघाला तिच्यापुढे उत्तर द्यावे लागले, हे तिच्यातून दिसते.

पाण्याविषयीच्या नियमांपाशी मात्र अधिक रेंगाळावे. ज्यात जीव आहेत हे ठाऊक आहे असे पाणी भिक्षूने वापरू नये, ते गवतावर किंवा मातीवर ओतूही नये. म्हणून पात्र, चीवरे, वस्तरा, सुई यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन, भिक्षूच्या आठ आवश्यक वस्तूंत आले. चुल्लवग्गात कोसल देशातून चाललेल्या दोन भिक्षूंची कथा आहे. एकाजवळ गाळणे होते, दुसऱ्याजवळ नव्हते. दोघांत आधी काही बिनसले होते, म्हणून पहिल्याने मागूनही गाळणे दिले नाही. दुसऱ्याने न गाळलेले पाणी प्यायचे नाकारले आणि तो तहानेने मेला. यावर बुद्धांनी दोष दिला तो गाळणे न देणाऱ्याला. मग गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये आणि नसेलच तर संघाटीच्या, म्हणजे वरच्या चीवराच्या, टोकाने गाळून प्यावे, अशी सोय करून दिली. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांची काळजी आणि सोबत्याच्या जिवाची काळजी इथे एकाच प्रसंगात तपासली जाते. कान्हेरीला डोंगरात कोरलेल्या पाण्याच्या पोढी आजही पाहता येतात, दानलेखांत त्यांचा उल्लेख आहे. त्या पाण्यावर राहणाऱ्या भिक्षूंनाही हाच नियम बांधत होता.

यानंतर चक्खुपाल थेरांची कथा घ्यावी. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे पाली भाष्यात, पहिल्याच गाथेखाली ती येते. थेर अंध होते. जेतवनात रात्री पाऊस पडून गेला आणि ओल्या जमिनीवर इंद्रगोप, म्हणजे आपल्याकडचे तांबडे मखमली मृगाचे किडे, मोठ्या संख्येने वर आले. पहाटे थेर चंक्रमण करत, म्हणजे येरझारा घालत, असताना ते त्यांच्या पायांखाली मेले. भिक्षूंनी तक्रार केली. बुद्धांचे उत्तर असे की थेरांना किडे दिसले नाहीत, मारण्याची चेतना त्यांच्या ठायी नव्हती, म्हणून दोष नाही.

इथवर आलेला वाचक बहुधा एक निष्कर्ष काढून मोकळा होतो: हेतू नाही तर पाप नाही. या क्षेत्रातला सर्वांत फसवा निष्कर्ष हाच. हेतू हेच सर्वस्व असते तर गाळण्याची गरजच नव्हती, कारण पाणी पिणाऱ्याला जीव मारायचे नसतात, त्याला तहान भागवायची असते. चक्खुपालांना दिसत नव्हते. ज्याला दिसते, किंवा पाहिले तर दिसेल, त्याने पाहिले पाहिजे ही अपेक्षा नियमांत आहे. चेतना आणि दक्षता यांचा एकत्र विचार केल्याशिवाय हा विचार पुरता हाती लागत नाही, हे माझे ठाम मत आहे. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाचा ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ तर आणखी पेच टाकतो. नकळत पाप करणाऱ्याचे पाप मोठे, असे नागसेन तिथे म्हणतो आणि तापलेला लोखंडी गोळा नकळत धरणारा जास्त भाजतो असा दाखला देतो. इथले अज्ञान ‘पायाखाली किडा आहे’ याचे, की ‘मारणे वाईट आहे’ याचे? पीटर हार्वे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दुसऱ्या अर्थाकडे कौल दिला आहे.

पाचव्या शतकात अट्ठकथाकार बुद्धघोषाने हत्येची पाच अंगे मांडली: प्राणी असणे, तो प्राणी आहे हे कळणे, मारण्याचे चित्त, प्रयत्न आणि त्यातून झालेला मृत्यू. पशूंमध्ये देह जितका मोठा तितका दोष मोठा, कारण प्रयत्नही मोठा, असेही तो म्हणतो. तिबेटात नेमका उलटा हिशेब ऐकू येतो. एका याकवर पुष्कळांचे पोट भरते, तेव्हा अनेक लहान जीव मारण्यापेक्षा एक मोठा बरा. कोणता हिशेब बरोबर, याची घाई करू नये.

आधुनिक लेखनात रूपर्ट गेथिन यांचा 2004 सालचा निबंध चुकवू नये. करुणेने मारणे शक्य आहे का, या प्रश्नाला अभिधम्माचे उत्तर ते शोधतात. मारण्याच्या क्षणी चित्तात द्वेष असतोच, हसत हसत देहदंड फर्मावणाऱ्या राजाच्या चित्तातही असतो, अशी अट्ठकथांची भूमिका त्यांनी उलगडली आहे. ती वाचताना श्रीलंका आठवते. डीडीटीच्या फवारणीनंतर 1963 साली या बौद्धबहुल देशात हिवतापाचे अवघे 17 रुग्ण नोंदले गेले. डास मारणाऱ्यांच्या मनात काय होते? ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकर वेगळी वाट दाखवतात. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते भेद करतात आणि अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानतात. गेथिन आणि आंबेडकर शेजारी ठेवून वाचले तर दोघेही अधिक कळतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा भेद पुस्तकी वाटणार नाही. विदर्भात रोज पंचशील म्हणणारी असंख्य कुटुंबे कपाशीत राबतात आणि गुलाबी बोंडअळीवर फवारणी करतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मजुरीने पंप पाठीवर घेणाऱ्याच्या कृतीत बुद्धघोषाची पाचही अंगे पुरी होतात. स्वहस्ते मारणे आणि आज्ञा देऊन मारवणे या दोन्ही अट्ठकथेच्या लेखी हत्याच, म्हणजे फवारायला लावणाराही सुटत नाही.

या ठिकाणी विनयातली रेशमाची कथा उपयोगी पडते. आळवी इथल्या रेशीमकारांकडे जाऊन काही भिक्षूंनी आपल्या आसनासाठी पुष्कळ किडे उकळायला सांगितले. रेशीमकार चिडून म्हणाले, आम्ही पोटासाठी, बायकामुलांसाठी इतके जीव मारतो हेच आमचे दुर्दैव, आणि आता हेही तेच करायला सांगतात! रेशीम घालून केलेले आसन निषिद्ध ठरले, ते भिक्षूंना. पुढे चीनमध्ये ताओ-श्वान याने भिक्षूंच्या रेशमाला विरोध केला, तर नालंदेत शिकून आलेल्या इत्सिंगने रेशीमवस्त्राचे समर्थन केले आणि पाणी गाळायला चीनमध्ये रेशमी कापड वापरावे असेही लिहिले. आळवीच्या प्रसंगात नियमाने बांधले ते रेशीम मागणाऱ्यांना, उकळणाऱ्यांना नव्हे. हाच निकष घेऊन कापसाच्या शेतातली जबाबदारी मागणी करणारा, मालक आणि मजूर यांच्यात कशी वाटली जाते, हे पाली आणि शेती दोन्ही जाणणाऱ्या कुणीतरी तपासून पाहावे.