घोडनदीचे शिरूर

पुणे जिल्ह्याच्या ईशान्य सीमेवर, घोड नदीच्या उजव्या तीरी वसलेल्या शिरूरास लोक घोडनदी या नावानेही ओळखतात. जुन्नरप्रमाणे किल्ल्याची किंवा सासवडप्रमाणे सरदारी वाड्यांची परंपरा या गावामागे नाही. पुणे-अहमदनगर रस्ता येथे नदी ओलांडतो. आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांच्या गळ्यात पडलेल्या तैनाती फौजेची छावणी पुढे येथे आली. गावाचे रूप या दोन गोष्टींनी ठरविले.

इतिहासग्रंथांत शिरूरचा उल्लेख बहुधा एका रात्रीपुरताच येतो. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टाँटन सुमारे ५०० पायदळ, स्वार व दोन तोफा घेऊन येथून पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. परंतु गावाचा स्वभाव जाणावयाचा तर त्या रात्रीपेक्षा येथील एक कबर अधिक बोलकी आहे. तैनाती फौजेचा सेनापती कर्नल वॉलेस १८०९ मध्ये येथे वारला. ग्रामस्थांनी त्याला ‘सत्पुरुष’ ठरविले. सुगीचे पहिले धान्य त्यास नैवेद्य म्हणून येई, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. ही परसत्तेविषयीची भक्ती होय, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. घरादारापासून दूर मेलेल्या बलवान पुरुषास स्थान देऊन शांत करावे, ही या मुलखाची जुनीच रीत आहे. गोरा सेनापती तीत सामावला गेला, इतकेच.

त्याच कुणब्यांनी १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील करडे गावी, सावकारांवर बहिष्कार घातला. पुढील वर्षी १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला, आणि त्याचे लोण शिरूरच्या गावांतही पोचले. रोष होता तो मुख्यतः कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळण्यात आले. १८७९ चा शेतकरी कायदा याच प्रक्षोभातून आला.

दरम्यान लोहमार्गाने शिरूरास बाजूस टाकले होते. १८५८ मध्ये पुण्याहून दिकसाळकडे गेलेली गाडी भीमाकाठच्या दौंडवरून गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू होऊन अहमदनगरही त्यावर आले. दौंड जंक्शन झाले, शिरूर सडकेवरच राहिले. मात्र १९९० नंतर रांजणगावची कारखानदारी उभी राहिली, ती याच सडकेच्या कडेने.