टेम्पोचं कूळ आणि मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. टेम्पोचं मात्र दोन्ही विचारायला हवं. घर बदलायचं असलं की टेम्पो सांगायचा, मंडपाचं सामान टेम्पोने येतं, वारीत दिंडीच्या मागे गाद्या-भांड्यांचा टेम्पो चालतो, गणपती टेम्पोतून येतो आणि टेम्पोतूनच जातो. गाडी टाटांची असो, महिंद्रांची असो की अशोक लेलँडची, ट्रकपेक्षा लहान आणि माल वाहणारी असली की आपल्या लेखी ती टेम्पो. हे नाव एका जर्मन गाडीचं आहे आणि ती गाडी बनवणारा कारखाना हॅम्बुर्गजवळ होता, हे टेम्पोवाल्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

१९२४ साली हॅम्बुर्गमध्ये ऑस्कर व्हिडाल यांनी वडिलांच्या साथीने ‘व्हिडाल आणि चिरंजीव’ अशा नावाची कंपनी काढली. १९२८ पासून ते ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी मालवाहू गाड्या विकू लागले. साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी जर्मनीत नियम बदलला आणि २०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची छोटी तीनचाकी चालवायला परवाना लागेनासा झाला, वाहन करही माफ झाला. तोवर पावभट्टीवाला, भाजीवाला, कोळसेवाला हे सगळे हातगाडीवर किंवा घोड्यावर अवलंबून होते. घोड्याला काम नसलं तरी चारा लागतोच. ट्रक घेण्याइतकं भांडवल नाही, आणि घेतला तरी रोज भरेल इतका माल नाही. या माणसाला नेमकी परवडेल अशी गाडी व्हिडाल यांनी पुढे केली.

पहिल्या गाड्या उलट्या बांधणीच्या होत्या. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर मालाची पेटी आणि मागे एका चाकावर चालक. पेटी उंच भरली की समोरचा रस्ता कसा दिसत असेल, हा विचार आजही मनात येतो. ऑटो डाउस हे कंपनीचे मुख्य अभियंता. त्यांच्या हाताखाली १९३०च्या दशकात ही रचना फिरवली गेली. एकच चाक पुढे आलं, इंजिन त्या चाकाच्या डोक्यावर बसलं आणि साखळीने तेच चाक फिरवू लागलं. चालक त्याच्या मागे आणि सगळा माल चालकाच्या मागे. पुढचं चाक वळलं की इंजिनही त्याच्यासोबत वळायचं.

या एका बदलाने पुष्कळ गोष्टी साधल्या. ओढण्याचं सगळं काम पुढे उरकल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नको, मागे गिअरची पेटी नको. गाडीचा मागचा भाग म्हणजे नुसती लोखंडी चौकट. तिच्यावर पेटी ठेवा, फळी टाका, टाकी बसवा, जे हवं ते करा. फळीही जमिनीपासून फार उंच राहत नाही. ज्याने कधी पन्नास किलोचं पोतं पाठीवरून गाडीत टाकलंय त्याला विचारा, वीतभर कमी उंची म्हणजे काय असतं ते. हमालाच्या कमरेचा असा विचार करणारे गाडी-अभियंते थोडेच झाले. डाउस यांचं नाव मोटारींच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत येत नाही, पण माझ्या मते ते यायला हवं.

डाउस यांची आणखी एक करामत म्हणजे १९३६ची ‘जी १२००’. या गाडीत दोन इंजिनं होती, एक पुढे आणि एक मागे, आणि प्रत्येक आपापली दोन चाकं फिरवायचं. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर गाडी घरी यायची. पण व्हिडाल यांचं घर चाललं ते तीनचाकीवरच. १९३५ साली कारखाना हॅम्बुर्गच्या दक्षिणेला हार्बुर्गला गेला. युद्धानंतर मोडून पडलेल्या शहरात सामान हलवायला तीच तीनचाकी पुन्हा कामी आली. १९४९ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली, ‘हान्सिआट’. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे ४०० सीसीचं. वजन पाऊण टन न्यायचं.

त्याच वर्षी चारचाकी ‘मॅटाडोर’ आली. तिच्यात फोक्सवागनच्या बीटल मोटारीचं इंजिन होतं. फोक्सवागनने स्वतःची माल-व्हॅन बाजारात आणल्यावर प्रतिस्पर्ध्याला इंजिन कशाला द्यायचं असा विचार केला आणि १९५२ साली पुरवठा थांबवला. व्हिडाल यांना दुसऱ्यांची इंजिनं शोधावी लागली. १९५५ साली हानोमाग या मोठ्या घराण्याने कंपनीचा अर्धा हिस्सा घेतला, पुढच्या दशकात उरलेलाही घेतला. जर्मनीत सुबत्ता येत होती. भाजीवाल्याला आता चार चाकं परवडू लागली होती. १९५६ साली हान्सिआटचं उत्पादन तिथे बंद झालं.

तिथे बंद पडलेली ही गाडी दोन वर्षांत मुंबईत, गोरेगावला बनू लागली.

ती आणण्यामागे होते नवलमल फिरोदिया. अहमदनगरचे, पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. माणसाने माणसाला ओढणं त्यांना सहन होत नसे. ऑटोरिक्षा या देशात रुजली त्यामागेही त्यांचाच ध्यास होता. १९५८ साली बजाज घराण्यासोबत ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी उभी राहिली आणि व्हिडाल यांच्या सहकार्याने हान्सिआट तीनचाकीची बांधणी सुरू झाली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. त्या काळात देशात ट्रक बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ट्रकची किंमत, परमिट, ड्रायव्हर-क्लीनरचे पगार हे सगळं पेलणारा माणूस व्यापारी असायचा. टेम्पो घेणारा वेगळा होता. तो कालपर्यंत हातगाडी ओढत होता, टांगा हाकत होता किंवा दुसऱ्याचा ट्रक चालवत होता. १९२८ साली हॅम्बुर्गच्या भट्टीवाल्याला जे मिळालं, तेच तीस वर्षांनी भवानी पेठेत आणि मशीद बंदरात मिळालं. ज्याच्यापाशी भांडवल नाही असा माणूस मालक झाला. मालकही तोच आणि चालकही तोच.

आमचे एक मामा त्यांतले. भवानी पेठेतून गूळ, साखर, चुरमुरे उचलून उपनगरांतल्या किराणा दुकानांत पोचवायचे. त्यांच्या गाडीचं नाक लांबोडकं होतं आणि त्या नाकाच्या पोटात इंजिन. तिला पाहून कुणी डुक्कर म्हणालं की मामा तोडून बोलायचे. “डुक्कर म्हणू नको. लक्ष्मी आहे ती.” पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. ऑइल जास्त झालं की मागे निळा धूर आणि थोड्या वेळात प्लग शॉर्ट. म्हणून सदऱ्याच्या वरच्या खिशात विड्यांच्या बंडलाशेजारी एक घासून ठेवलेला प्लग कायम असायचा. गाडी कुरकुरली की उतरायचं, नाकाचं झाकण उघडायचं, फडक्यात धरून तापलेला प्लग काढायचा, दुसरा लावायचा आणि काढलेला पॉलिश पेपरने घासत पुढच्या दुकानाकडे निघायचं. हे काम ते सिग्नलला थांबल्या थांबल्या करत.

खरी विद्या होती ती माल लावण्याची. तीन चाकांच्या गाडीत वजन कुठे पडतं याला फार महत्त्व. ओढणारं चाक पुढे एकटंच. सगळा बोजा मागे लोटला तर पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर जागच्या जागी फिरत राहतं. मामा हमालाला ओरडून सांगायचे, “ढेपा पुढं घे रे बाळा, माझ्या पाठीशी लाव. चुरमुरे मागं जाऊ देत.” गुळाच्या ढेपा तळाला, चालकाच्या पाठीशी, त्यांच्यावर साखर, आणि चुरमुऱ्यांची फुगीर पोती सगळ्यात मागे, दोरीने आवळलेली. उंच भरलेली गाडी घेऊन वळण झोकात घेतलं तर आतलं चाक उचलायला वेळ लागत नाही. पण हीच गाडी पेठेतल्या बोळात घातली तर अक्षरशः जागेवर फिरायची. पुढचं चाक इंजिनासकट वळत असल्यामुळे जिथे ट्रकला शिरताच येत नाही तिथून ती माल उतरवून तोंड फिरवून बाहेर यायची. मामांच्या धंद्याचा सगळा जीव त्या वळण्यात होता. उन्हाळ्यात गुडघ्यांशी इंजिनाची धग असायची, आवाज इतका की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे, आणि पुढे पुढे मामांना घरीही हळू बोलता येईना. तरीही त्यांनी गाडीला कधी नाव ठेवलेलं मला आठवत नाही. दोन मुलींची लग्नं आणि धनकवडीतलं घर त्या गाडीने दिलं, असं ते सांगायचे.

जर्मनीत सात वर्षं टिकलेली हान्सिआट पुण्यात चारेक दशकं बनत राहिली. उत्तरेत ती माणसंही वाहू लागली. उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये टेम्पो म्हटलं की आजही माणसं कोंबून नेणारी तीनचाकी डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे टेम्पो म्हणजे माल. ज्या प्रदेशात त्या गाडीला जे काम मिळालं तोच तिथे अर्थ झाला.

मॅटाडोरही मागोमाग आली, १९७०च्या आगेमागे. तिच्या पोटातही डाउस यांचीच कल्पना, ओढणारी चाकं पुढची आणि फळी खाली. म्हातारी माणसं सहज चढायची, स्ट्रेचर न वाकवता आत जायचं. शाळेची सहल, लग्नाचं वऱ्हाड, कारखान्याची पाळी, रुग्णवाहिका, सगळीकडे मॅटाडोर. १९८०च्या दशकात तिला मर्सिडीजचं डिझेल इंजिन मिळालं, ओएम ६१६. चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटर. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत बसायचं आणि टॅक्सीवाल्यांचं लाडकं होतं. पुढे ते ‘ट्रॅक्स’ या जीपवजा गाडीतही आलं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप करणारे, मराठवाड्यात काळी-पिवळी चालवणारे यांच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय, “मर्सिडीजचं इंजिन आहे, दादा, काय होत नाही त्याला.” आत पंधरा माणसं, टपावर कोंबड्यांचे खुराडे आणि दोन सायकली, आणि बोनेटखाली श्टुटगार्टचं घराणं. त्यांचा अभिमान फुकाचा नव्हता. हे इंजिन हळू होतं, जोरात पळायचं नाही, पण तालुक्याच्या गॅरेजमध्येही उघडून जोडता येत होतं, आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला एवढंच हवं असतं.

यात एक मजेशीर नातं आहे. हानोमागचा गाड्यांचा धंदा १९७०च्या सुमारास डाइमलर-बेंझने, म्हणजे मर्सिडीजवाल्यांनी घेतला. त्याबरोबर व्हिडाल यांचा हार्बुर्गचा कारखानाही त्यांच्याकडे गेला. म्हणजे मॅटाडोरला मर्सिडीजचं इंजिन मिळालं तेव्हा ते परक्याचं नव्हतं, घरातल्याच माणसाने दिलेलं होतं. हार्बुर्गचा कारखाना आज मर्सिडीजसाठी आस आणि इतर सुटे भाग बनवतो. तिकडे चाकणला फिरोदियांची कंपनी मर्सिडीजसाठी इंजिनं जोडते. आणि ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ म्हणून आपण ज्या गाडीने अष्टविनायक करतो तिचा सांगाडाही मर्सिडीजच्या एका जुन्या व्हॅनवरून घेतलेला.

२००५ साली बजाज टेम्पोचं नाव ‘फोर्स मोटर्स’ झालं. कंपनीच्या पाटीवरून टेम्पो उतरला. लोकांनी मात्र तो उतरू दिला नाही. त्याच सुमारास टाटांचा ‘एस’ आला, लोकांनी त्याला लाडाने छोटा हत्ती म्हटलं, पण भाडं ठरवताना “टेम्पोचे किती घेणार?” असंच विचारत राहिले. सतरा आसनी कुठलीही गाडी आली तरी सहलवाले तिला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. जर्मनीत या नावाच्या वाट्याला वेगळंच आलं. तिथे ‘टेम्पो’ म्हटलं की लोकांना कागदी हातरुमाल आठवतो. न्युर्नबर्गच्या एका कागद कारखान्याने १९२९ साली त्या नावाचा रुमाल काढला आणि तो इतका चालला की कुणाच्याही कंपनीच्या कागदी रुमालाला जर्मन माणूस टेम्पोच म्हणतो. एकाच काळात, एकाच देशात निघालेले दोन टेम्पो. रुमालाने जर्मन भाषा जिंकली, गाडीने मराठी, हिंदी आणि नेपाळी.

नेपाळीचं खास सांगायला हवं. काठमांडूत धूर ओकणाऱ्या डिझेल तीनचाकींनी लोक हैराण झाले तेव्हा १९९०च्या दशकात बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी आल्या. नाव ‘सफा टेम्पो’, म्हणजे स्वच्छ टेम्पो. दोन बाजूंना बाकं, मध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं. हार्बुर्गचा एकही भाग तिच्यात नाही. त्या गाड्या चालवणाऱ्यांत बायका खूप आहेत आणि त्यांतल्या काहींनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे.