‘मुंबईला असतात’ : कॉटन ग्रीनमधल्या एका घराचा शोध

आज जे सांगणार आहोत ते आमच्याच घरचं आहे. त्यामुळे फार तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका, हे आधीच कबूल करून टाकतो. ‘आम्ही’ म्हणजे सहा चुलत-आते भावंडं. मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. बोलतोय एकजण, पण माणसांकडे जाऊन बसायचं, जुन्या ट्रंका उघडायच्या आणि शिव्या खायच्या, हे काम सहाजणांनी वाटून घेतलं.

सुरुवात एका लग्नात झाली. आमच्या एका चुलत बहिणीचं सासर बल्लारपूरचं. व्याही कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. जेवणं झाल्यावर मांडवात बसले होते, तिथे आमच्यातल्या कुणीतरी सहज विचारलं, खाणीत नेमकं काय करायचात? झालं! माणूस दोन तास बोलत होता. कुठल्या साली लागले, कुठल्या पाळीला, टोकन नंबर काय, दिवा घेताना टोकन कसं द्यायचं, वर आल्यावर परत कसं घ्यायचं. त्यांच्या वडिलांचाही नंबर त्यांना पाठ होता. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा रजिस्टरमध्ये नाव चढवताना काय गोंधळ झाला, तेही त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी साधा प्रश्न केला. “आणि तुमचे आजोबा काय करत?”

आम्ही म्हणालो, “मुंबईला होते.”

ते हसले. म्हणाले, “ते झालं गाव. काम काय?”

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. कुणी म्हणालं गिरणीत, कुणी म्हणालं गोदीत. आमच्या आत्याला विचारलं तर तिने लहानपणी ऐकलेलं उत्तर दिलं : “मुंबईला असत्यात.” साताऱ्याच्या डोंगराळ भागात दोन-तीन पिढ्या हा एक व्यवसायच होता. सोयरीक जुळवताना विचारायचे, मुलगा काय करतो? मुंबईला असतो. पुढे कुणी विचारत नसे. बायका-मुलं गावी, पुरुष मुंबईत गाळ्यावर, वर्षातून एकदा येणार. आत्याने वडिलांना काम करताना आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं.

आता खाणीतल्या माणसाला सगळं पाठ आणि आम्हाला काहीच नाही, हे कसं? आम्ही आधी आमच्या घराण्याच्या विसराळूपणाला दोष दिला. पण कारण वेगळं आहे. खाणीत माणूस जमिनीखाली उतरतो. आत किती माणसं आहेत आणि कोण आहेत, हे वरच्यांना माहीत असावंच लागतं, म्हणून टोकन, म्हणून रजिस्टर. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली. हा आकडा आपण सांगू शकतो, कारण हजेरी होती. कापसाच्या गाठी उचलणारा माणूस जमिनीवर काम करतो. त्याला मोजायची गरज कुणाला वाटली नाही. गाठी मात्र मोजल्या जात.

आता थोडं कॉटन ग्रीनबद्दल, कारण हार्बर लाइनने रोज जाणाऱ्यांनाही ‘इथे ग्रीन कुठे आहे’ हा प्रश्न पडतो. मूळ हिरवळ फोर्टात, टाउन हॉलसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे होती. तिथे कापसाचे ढीग पडत. १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्याला हलवला. पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६१ ते ६५ मधली कापसाची तेजी आणि त्यानंतरची दाणादाण, हे सगळं आपण शाळेत वाचलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी समुद्रात भराव घातला, आणि कापूस तिथे आला. येताना नाव बरोबर घेऊन आला. म्हणजे हिरवळ फोर्टात राहिली आणि नाव शिवडीला पोचलं. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनची स्थापना १९२१ ची, १९२५ ला व्ही.टी.पासून हार्बर लाइनवर विजेची गाडी धावू लागली, आणि कॉटन एक्स्चेंजची ती देखणी इमारत उभी राहिली. तिच्यावर लेख आहेत, फोटो आहेत, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येऊन स्केचेस करतात. करावीत, इमारत खरंच सुंदर आहे.

इमारतीत भाव ठरायचा, गोदामात माल पडायचा. एका दाबलेल्या गाठीचं वजन ३९२ पौंड, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर. हाताला लोखंडी आकडा, चारजणांची टोळी, वर एक मुकादम. वॅगनमधून उतरवायची, थप्पी लावायची, थप्पी मोडायची, गिरणीच्या गाडीत चढवायची. मजुरी गाठीमागे, आणि ती मुकादमाच्या हातात. मुकादम टोळीत वाटणार. व्यापाऱ्याच्या वहीत मुकादमाचं नाव, टोळीतल्यांचं नाही. पलीकडे कोळसा बंदरावर तोच प्रकार, फक्त अंग पांढरं होण्याऐवजी काळं.

आमचं घर फुटलं ते याच नोंदीपायी. हा भाग सांगावा की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला, पण तो वगळला तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

आजोबा दोघे भाऊ. थोरले आधी मुंबईला आले, धाकटे मागाहून. दोघेही ‘गिरणीत’, असं घरात सगळे धरून चालले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचजण परत आत गेलेच नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज सुरू झाले. अट अशी की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असला पाहिजे. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. एकूण अर्ज सुमारे पावणेदोन लाख. धाकट्या आजोबांच्या मुलाला ट्रंकेत बदली कार्ड सापडलं, फंडाचा नंबर सापडला, अर्ज भरला गेला. थोरल्यांच्या घरी काहीच सापडेना. तिकीट नंबर नाही, खातं कोणतं ते माहीत नाही. मग संशय आला. दोघे भाऊ एकाच गाळ्यावर राहत होते, मग थोरल्यांचे कागद गेले कुठे? धाकट्यांच्या ट्रंकेत तर नसतील? हे एकदा कुणीतरी बोलून दाखवलं आणि गावची पालखीसुद्धा चार वर्षं वेगवेगळ्या दारांत थांबली.

ही गाठ सुटली ती आत्याआजीमुळे. आत्याआजी म्हणजे या दोन भावांची बहीण. लवकर विधवा झाली, मुंबईला आली आणि घोडपदेवच्या चाळीतल्या एका खोलीत तिने खानावळ काढली. लालबाग-परळ-काळाचौकीत अशा हजारो खोल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना संघटित केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांना उद्योग करणाऱ्या बायका म्हणायला सुरुवात झाली. आत्याआजी त्याच्या आधीपासून तीसेक माणसं जेवू घालत होती. शिक्षण चौथी.

तिची वही आम्हाला तिच्या सुनेकडे, रेशन कार्डांच्या पिशवीत सापडली. वही म्हणजे अशा पाच वह्या एकत्र शिवलेल्या. पहिली नोंद १९६१ ची. प्रत्येक पानावर डावीकडे नाव, पुढे खाडे, पुढे जमा, बाकी. आणि नावाच्या आधी एक अक्षर. गि, गा, गो, को.

आम्हाला वाटलं आडनावांची खूण असेल. सुनेला विचारलं. ती म्हणाली, “अहो, गिरणी, गाठी, गोदी, कोळसा. पैसे कधी मागायचे ते कळायला नको का?” गिरणीचा पगार महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास व्हायचा, तेव्हा ‘गि’ला अकरा तारखेला गाठायचं. गाठीवाल्याला मुकादम आठवड्याने द्यायचा, त्याच्याकडून आठवड्याने. ‘को’वाले शेवटच्या पंगतीला, आणि त्यांना बसायला वेगळं गोणपाट. बाईला समाजशास्त्र करायचं नव्हतं, उधारी बुडू द्यायची नव्हती. त्यातून शहराने जी यादी कधी केली नाही ती तयार झाली.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. ‘गि’वाल्यांचे खाडे गणपतीला आणि होळीला, चार-आठ दिवसांचे. ‘गा’वाल्यांच्या नावापुढे ज्येष्ठापासून सरळ रेघ ओढून ‘गावी’ लिहिलेलं, ते थेट दसऱ्यापर्यंत. कापूस बाजारात यायचा दिवाळीनंतर, उन्हाळ्यापर्यंत हंगाम चालायचा, पावसाळ्यात गोदामं थंड. आणि तेव्हाच गावी भाताची लावणी. म्हणजे गाठी उचलणारा माणूस अर्धा शेतकरीच राहिला होता. म्हणून तो स्वतःला कामगार म्हणवत नव्हता, आणि इतरही म्हणत नव्हते.

थोरल्या आजोबांच्या नावाआधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ‘गा’ आहे. जमेच्या रकान्यात पैसे नाहीत. ‘तांदूळ २ पायली’, ‘तांदूळ ३ पायली’. धाकट्यांच्या आधी ‘गि’, आणि रोख.

म्हणजे कागद कुणी लपवले नव्हते. कागद नव्हतेच. माथाडी कायदा १९६९ चा. त्यानंतर अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या रेट्याने एकेका बाजारात मंडळं आली, हजेरी आली, फंड आला, पुढे नवी मुंबईत माथाडींना घरंही झाली. पण थोरले आजोबा ज्या टोळीत होते ती नोंदणीत आली नाही; मुकादमाने येऊ दिली नाही, असं टोळीतल्या दुसऱ्या एका घरी ऐकलं. तोच कापूस, एकाने गोदामातून काढला, दुसऱ्याने गिरणीत कातला. घरांच्या यादीत दुसरा बसतो, पहिला बसत नाही.

आम्हाला वाटलं वही दाखवली की भांडण मिटेल. धाकट्यांच्या घरचे मोकळे झाले, हे खरं. पण आत्या वही मांडीवर घेऊन गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझा बाप हमाल होता.” तिच्या लग्नात, मुलाकडच्यांना ‘मुलीचा बाप गिरणीत आहे’ असंच सांगितलं होतं. गिरणीत म्हणजे पगार, बोनस, तिकीट. ते खोटं थोरल्या आजोबांनीच सांगितलं होतं आणि चाळीस वर्षं निभावलं होतं. ते उघडं करायचा हक्क आम्हाला होता का, यावर आमच्यात आजही एकमत नाही. दोघा भावंडांचं म्हणणं, वही परत पिशवीत ठेवायला हवी होती.

मात्र आत्यानेच पुढच्या खेपेला आपणहून एक गोष्ट सांगितली. वडील सांगायचे, जपान्यांनी गोदीवर बॉम्ब टाकला तेव्हा आभाळातून पेटलेला कापूस पडत होता, आणि ते पळत शिवडीपर्यंत गेले. आम्ही आधी हसलो. गोदीचा स्फोट म्हणजे १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि कराचीहून आलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग लागली, दुपारी चारनंतर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले, अग्निशमन दलाचेच ६६ जवान गेले. जपान्यांचा काही संबंध नव्हता. पण लढाईचे दिवस. बातमी सरकारने दाबली, इथल्या बातमीदारांना मे महिन्यापर्यंत सविस्तर लिहू दिलं नाही, आणि जपान्यांच्या ताब्यातलं सायगाव रेडिओ दुसऱ्याच दिवशी बातमी देऊन मोकळं झालं. गोदीत पळणाऱ्या पोराने जपान्यांचंच नाव ऐकलं, तेच घरी नेलं, आणि ते सत्तर वर्षं गावच्या चुलीपाशी टिकलं. चूक आहे, पण ती १९४४ च्या एप्रिलमधल्या मुंबईची चूक आहे. त्या वयाचा पोरगा त्या दिवशी तिथे होता, याला आमच्याकडे याहून चांगला पुरावा नाही. ते मुंबईला कधी आले, तेही यातूनच ठरलं. १९४४ च्या आधी.

वहीचा शेवट १९८२ मध्ये होतो. फेब्रुवारीपासून ‘गि’च्या बाकीचे आकडे वाढत जातात, मे-जूनमध्ये एकेका नावावर ‘गावी’ पडतं. त्यांच्यापुढे परत येण्याची नोंद नाही. दिवाळीनंतर ‘गा’वाले आले, पण गिरण्या बंद, गाठी कुणाला हव्यात? थोरल्या आजोबांचं शेवटचं नाव त्या डिसेंबरात आहे. खाडे सात, तांदूळ एक पायली.

पाची वह्यांचे आम्ही फोटो काढलेत. साधारण दोनशे नावं आहेत, बरीचशी पाटण आणि जावळी तालुक्यांतली, काही कोकणातली. ती जाहीर वाचून दाखवणार नाही. का, ते आत्यामुळे कळलं असेल. पण ज्यांच्या घरचं कुणी घोडपदेवला खानावळीत जेवत होतं त्यांनी नंतर भेटा, नाव सांगा, आम्ही पान दाखवू. आणि कुणाच्या माळ्यावर अशी दुसरी वही असेल तर रद्दीत देण्याआधी आम्हाला कळवा. आम्हाला ‘को’वाल्यांची घरं अजून मिळालेली नाहीत.